शेक घेतलेली रोपं

माझा प्रयोग ज्यांनी वाचवला, त्यांचे आभार मानायला गेलं की ते ऊसच दाखवत बसतात. शेळगावात माझ्या रोपांशेजारी त्यांचं रान आहे. सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही. आवाज घोगरा, खाकरल्याशिवाय वाक्य सुरू होत नाही. गळ्याच्या गाठीला दवाखान्यात किरणांचा शेक दिल्यापासून तिथली कातडी ऊन सोसत नाही, म्हणून मानेभोवती कायम पांढरं उपरणं.

नवं वाण शोधायला माझ्या बियाण्यालाही प्रयोगशाळेत किरण दिलेत, हे कळल्यापासून ते रोपांना ‘आमच्यातली’ म्हणतात. या रोपांच्या पानांची जादा ऊन परतवायची ताकद कमी झालीय. उघडी राहिली तर पांढरी पडून करपतात. म्हणून वर हिरवी जाळी असते.

परवा भर दुपारी वावटळीनं जाळी उडवली. मी बारामतीत होते. फोन आला तशी निघाले, धापा टाकत पोचले, तर रोपांच्या ट्रेवर चार काटक्यांना ताणून बांधलेलं उपरणं, आणि शेजारी तात्या, दोन्ही तळव्यांनी गळा झाकून उभे.

“तात्या, अहो तुमचा गळा!”

ते खाकरले. “मला हात तरी हायती, ताई. त्यांना कुठं हायती?”