कामतांच्या गीझरचं लाल कार्ड

आमच्या बिल्डिंगमधल्या बायका जमल्या की गीझरचा एखादा किस्सा निघतोच. मी ठरवते, आज नाही सांगायचा. तेवढ्यात कोणीतरी विचारतं, "तुमच्याकडे ते लाल कार्ड होतं ना हो?" झालं. मग एकाच्या मागून दुसरा येत राहतो आणि चहा गार होतो.

आधी बिल्डिंग सांगते. मुलुंडमधली, चार मजल्यांची, गच्चीवर टाकी. ऐंशीच्या दशकात तिथल्या जवळजवळ प्रत्येक घरातला पुरुष आसपासच्या कुठल्यातरी कारखान्यात कामाला होता. आमचे हे टर्नर, दुसऱ्या मजल्यावरचे साटम ड्रॉइंग ऑफिसात, तिसऱ्यावरचे कारखानीस इन्स्पेक्शनला. एवढे हुशार लोक एका जिन्यावर, त्यामुळे मिक्सर बिघडला तरी बाहेरचा मेकॅनिक बोलवायला बंदी. त्यांना लाज वाटायची.

*

तळमजल्यावरचे कामत मस्कतला नोकरीला निघाले. जाताना गॅसचा गीझर त्यांनी आम्हाला फुकट दिला. "वहिनी, झकास चालतो. मंदा बाळंतपणाला येतेय ना? घेऊन जा." घराची किल्लीसुद्धा माझ्याकडेच ठेवली, तुळशीला पाणी घालायला.

मला आनंदाने रडूच यायचं बाकी होतं. मंदा माझी एकुलती एक, आणि तिचं हे पहिलं बाळंतपण. सव्वा महिना माय-लेकरांना कढत पाण्याची न्हाणी, म्हणजे रोज सहा-सात पातेली तापवून ओट्यावरून मोरीत न्यायची. माझी कंबर तेव्हा कपबशी उचलतानाही धरायची. ह्यांचा ओव्हरटाइम बंद झालेला, नवा गीझर घ्यायचं नावच नको. हा चालायलाच हवा होता.

ह्यांनी रविवारी तो आमच्या चौथ्या मजल्यावर बसवला आणि काडी लावली. छोटी ज्योत लागली. नळ सोडला की मोठा बर्नर आपोआप पेटायला हवा, तो काही पेटेना.

"जेट चोंदलाय," हे म्हणाले. "उद्या कंपनीतून साफ करून आणतो. पाच मिनिटांचं काम."

*

जेट म्हणजे बोटाच्या पेराएवढा पितळेचा तुकडा, त्याला बारीक भोक. ह्यांनी तो भाजीच्या डब्यात घालून नेला, कंपनीत भोक साफ केलं, आणि संध्याकाळी गेटवर वॉचमनने नेमका डबा उघडला.

"कंपनीचं पितळ बाहेर नेताय?"

"अरे, माझ्या घरचं आहे ते."

"मग आत आणल्याची एन्ट्री दाखवा."

एन्ट्री कुठली असणार? जेट गेटवरच्या कपाटात अडकला. अर्ज झाले, युनियनवाले मध्ये पडले. शेवटी स्टोअर्सच्या साहेबांनी तोडगा काढला की जेट भंगारात जमा करायचा आणि ह्यांनी तो भंगाराच्या भावाने रीतसर विकत घ्यायचा. नऊ दिवसांनी हे स्वतःचाच जेट पावतीसकट घरी घेऊन आले, आणि वर मला म्हणतात, "स्वस्तात मिळाला."

बसवला. बर्नर पेटला नाही.

*

मग साटम आले. "ड्रॉइंग न काढता हात घातलात, म्हणून वाट लागली," म्हणाले. तीन रविवार ते टेप घेऊन आमच्या मोरीत स्टुलावर, आणि आम्ही आंघोळीला शेजारी. समोरून, बाजूने, वरून असं तिन्ही अंगांनी गीझरचं ड्रॉइंग काढलं, कोपऱ्यात सही, तारीख. सुरेख होतं, खोटं कशाला बोलू.

"मग, दोष कशात आहे?" मी विचारलं.

"वहिनी, तुमची भिंत अर्धा इंच तिरकी आहे."

"आणि गीझर?"

"गीझर ड्रॉइंगप्रमाणे बरोबर आहे."

अहो, ड्रॉइंग तुम्ही त्याच्यावरूनच काढलंत ना, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण त्याच दिवशी मंदा घरी आली होती, नववा लागलेला, जिने चढून धापा टाकत बसलेली. तिच्यासमोर तमाशा नको म्हणून मी तिला पाणी आणायला उठले.

*

कारखानिसांनी आयुष्यात पहिल्या फटक्यात काही पास केलेलं नव्हतं. घरची आमटीसुद्धा दोनदा परत जायची. त्यांनी गीझरच्या प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बघितला. गॅस कुठेच गळत नव्हता. तरी त्यांनी खिशातून दोरी लावलेलं लाल कार्ड काढलं, 'नापास. हात लावू नये,' असं लिहिलं आणि गीझरला बांधून गेले.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "पुन्हा एकदा काडी तरी लावून बघा."

"कार्ड लागलंय," हे म्हणाले.

"अहो, ही आपली मोरी आहे."

"लाल कार्डाच्या मालाला हात लावला की मेमो मिळतो."

"कोण देणार मेमो? मी?"

त्यावर हा माणूस खरंच विचारात पडला. मी कपाळाला हात लावला.

*

वैतागून मी कोणाला न सांगता स्टेशनजवळच्या दुकानातून मेकॅनिक आणला. त्याने स्क्रू ड्रायव्हर काढेपर्यंत तिघे मोरीच्या दारात हजर. ह्यांनी त्याला थ्रेडचं माप विचारलं, साटमांनी हातात ड्रॉइंग दिलं, आणि कारखानीस म्हणाले, आधी कार्डावर सही कर.

त्या भल्या माणसाने हत्यारं पिशवीत भरली. "ताई, गीझर मी ठीक करीन. ह्यांना कोण करणार?" म्हणाला आणि गेला.

*

मंदाला मुलगी झाली. हॉस्पिटलातून घरी आणली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतीबाई आल्या. मालवणच्या, वीस वर्षं मुलुंडभर, खाली कामतांकडेही, बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या.

दुसरं पातेलं उचलताना माझी कंबर धरली. कसंबसं खाली ठेवलं आणि मोरीच्या उंबऱ्यावर बसून ढसाढसा रडले. आत बाळ रडतंय, बाहेर मी, आणि आवाज ऐकून आलेले साटम-कारखानीस ह्यांच्या शेजारी खांबासारखे उभे.

पार्वतीबाईंनी नळ सोडून धारेखाली तळवा धरला.

"ह्या पाण्याक जोर खंय आसा? टाकी तुमच्या डोक्यार. पोराचा मूत बरा ह्याच्यापरास. पाण्याचो धक्को लागल्याशिवाय हो पेटतलो कसो? कामतांकडे तळाक होतो ना? मगे थयच न्हेवा."

साटमांनी ड्रॉइंग उघडलं, जरा वेळ बघितलं आणि पुन्हा घडी केली. त्यात मजला दाखवलेला नव्हता.

कामतांची किल्ली खिळ्यालाच होती. हे गीझर काढायला उठले, पण हात लावण्याआधी कारखानिसांकडे बघायला लागले.

"हलवायला हरकत नाही," कारखानीस म्हणाले. "चालवायचा नाही."

गीझर खाली गेला, सिलिंडर खाली गेला, जुन्या पाइपांना जोडला. मी कंबर धरत एकेक पायरी उतरले, मागून पार्वतीबाई बाळाला घेऊन. कामतांच्या मोरीची खिडकी सताड उघडली.

"सरका," मी म्हटलं, आणि काडी मी ओढली.

नळ सोडताच बर्नर भक्कन पेटला. पाणी असं कढत आलं की पार्वतीबाईंना गार मिसळावं लागलं. त्यांनी पाटावर बसून पाय लांब केले, बाळाला पायांवर घेतलं. बाळाचं रडणं थांबलं. मी कामतांच्या रिकाम्या हॉलमध्ये भिंतीला पाठ टेकून बसले होते, आणि इतक्या दिवसांचा राग कुठे गेला ते मला कळलं नाही.

बाळाला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं. कारखानिसांनी चष्मा लावला, तिला समोरून बघितलं, एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. मग खिशातून हिरवं कार्ड काढलं, त्यावर 'पास' लिहून सही केली आणि दुपट्याच्या गाठीला बांधलं.

"आणि गीझरचं लाल?" मी विचारलं.

"ते राहू दे, वहिनी. त्याचं री-इन्स्पेक्शन अजून व्हायचंय."