तहानलेल्या गोगलगाई

कोरड्या दगडावर पाणी पडले की त्याचा रंग आतून वर येतो. राखाडीतून निळसर, निळसरातून मधाळ. हा सोहळा मी वर्षानुवर्षे आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाखाली पाहिला. माझी पत्नी सुधा भूगर्भशास्त्र शिकवायची. पाहुण्याच्या हातात चहाआधी ओला दगड ठेवायची आणि त्याचा चेहरा न्याहाळायची. पाहुणा बिचारा चहाची वाट पाही!

ती गेल्यावर यवतमाळच्या तिच्या कॉलेजाने तिच्या दगडांचे प्रदर्शन भरवले. लोकांना आवडले तर कायमचे दालन, नाही तर दगड पुन्हा पलंगाखालच्या पेटीत. मी एकेक दगड कोरड्या फडक्याने पुसून पांढऱ्या कापडावर मांडला. उद्घाटनाची झेंडूची फुले मधल्या दगडापाशी राहिली, शेजारी माझा पिण्याच्या पाण्याचा तांब्या. लोक येत, पाट्या वाचत, पुढे सरकत. माणसामागून त्याची आवडही अशीच पुसली जाते का? मी खुर्चीत मिटून बसलो होतो.

दुपारी फुलसावंगीची एक बाई कॉलेजातल्या लेकीला भेटायला आली आणि लेकीसोबत दालनात शिरली. फुले, पांढरे वस्त्र, भरलेला तांब्या. तिला जे वाटायचे तेच वाटले. चपला काढून, पदर डोक्यावर घेऊन तिने मधल्या दगडावर धार धरली. लेक शरमून कुजबुजली, अगं आई, देव नाही तो, प्रदर्शन आहे. बाई मात्र खाली वाकून पाहत होती.

"मंग याच्यातून ह्या गोगलगाई कायच्या निंगून राह्यल्या?"

खरेच, ओल्या दगडात इवले शंख उमलले होते! मी उठलो आणि सुधासारखा सांगत सुटलो: लाव्हाचा एक थर निवला, त्यावर तळे साचले, त्यात गोगलगाई नांदल्या, मग दुसरा लाव्हा आला आणि तळे मिटले. आपल्या कपाशीच्या काळ्या मातीखाली हे सारे निजले आहे. भोवती गर्दी जमली. बाईने विचारले, कवापासून पाणी नाही याईले? माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून, मी म्हणालो.

"मंग तहान लागली असन ना त्याईले," म्हणत तिने तांब्या पुन्हा कलता केला.

किती दिवसांनी हसलो मी! संध्याकाळपर्यंत ज्याला त्याला धार धरायची होती. ओल्या कापडावरून रागवायला आलेल्या प्राचार्यांनीही शेवटी तांब्या मागितला, आणि दालनाचे तिथेच ठरले.

आठवणी मी इतक्या जपून, इतक्या कोरड्या पुसून ठेवल्या होत्या की त्यांचा रंगच मला दिसेनासा झाला होता. आज रिकामी पेटी घरी आणली आहे. तांब्या तिथेच राहू दिला.