प्रयोगशाळेत उजळलेली हळद

"आई, तू आलीस तर मले धीर येईल," वैष्णवी फोनवर म्हणाली आणि मी निघाले. वाशीमच्या कॉलेजात माझ्या या लेकीला तिनं बनवलेल्या, दिव्याखाली उजळणाऱ्या पावडरीचा प्रयोग दाखवायचा होता. बाहेरून येणाऱ्या मॅडमना तो पटला, तरच पुढं संशोधनाला जागा. नाहीतर बोऱ्याबिस्तर गुंडाळून घरी.

केनवडहून सकाळची एसटी, रिसोडला बदलून रिठदवरून वाशीम. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून प्रवास परवडतो. भाकरी-ठेचा घरूनच न्या. स्टँडवरचा आल्याचा चहा मात्र चुकवू नका. ऑटो मी घेतला नाही, हरिनाम घेत चालले.

प्रयोगशाळेत मला बसवून वैष्णवी मॅडमना आणायला गेली. टेबलावर चिनी मातीचा पांढराशुभ्र खल होता. दसऱ्याला आम्ही विळ्या-कोयत्यालाही हळदीकुंकू वाहतो. मग लेकीच्या शुभकामाला खल कोरा कसा ठेवायचा? पिशवीतल्या पुडीतली हळद घेऊन आतल्या कडेला बोट ओढलं.

मॅडम आल्या. पडदे ओढून वैष्णवीनं डबीतली पावडर खलात ओतली आणि जांभळा दिवा लावला. खलातली पावडर निळी उजळली. आणि कडेला पिवळी रेघ!

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"काहून लावलंस वं, आई?" वैष्णवी पुटपुटली. पण ती लगेच सावरली. "मॅडम, हळद आहे, आईनं पूजा केली. हळदही या दिव्यात उजळते. चुना लागला की लाल होते, त्याचंच कुंकू. माझ्या पावडरीचा उजेडही असाच बदलतो, फक्त चुन्यानं नाही, दाबानं. दुसरा खल घेऊ?"

"घे की."

डबीत पावडर चिमूटभरच उरली होती. वैष्णवीनं ती दुसऱ्या खलात दाबून घोटली, आणि निळा उजेड हिरवा झाला! गरम केल्यावर पुन्हा निळा. असा लेप यंत्राला दिला तर कुठं ताण पडला ते उजेडच सांगेल, असं ती म्हणाली.

"जागा तुझी," मॅडम हसल्या. "काकू, पुढच्या वेळी खलाची पूजा नको हं."

"नाही जी, पोरीचीच करीन."

वैष्णवी माझ्यासोबत घरी आली. संध्याकाळी तिनं देवघरातला बल्ब विझवून आपला छोटा जांभळा दिवा देवीसमोर धरला. पायांशी पिवळा उजेड फुटला. रोज वाहिलेली हळद मला लेकीनं दाखवल्यावर दिसली.