चोपदाराची काठी हाउन्सलोत

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. बीएड करून इंग्लंडला आले, पुन्हा शिकले आणि लंडनच्या विमानतळालगतच्या हाउन्सलोजवळ एका शाळेत इतिहास शिकवायचा सराव करू लागले. शेवटचा तास परीक्षक बघणार होते. तो पास झाला तर नोकरी, नाही तर व्हिसा संपला की घरी.

धडा आला प्युरिटन लोकांचा. सतराव्या शतकात इंग्लंड सोडून अमेरिकेत वसाहती करणारी ही कडक माणसं. ख्रिसमस पाळायची नाहीत. प्रार्थनागृहात चित्र नाही, वाद्य नाही, शेकोटीसुद्धा नाही. बायका एकीकडे, पुरुष एकीकडे, आणि प्रवचन तासन्‌तास. कोणाचा उद्धार होणार हे देवाने आधीच ठरवलंय, पण ते कोणालाच कळणार नाही, अशी त्यांची श्रद्धा. आणि डुलकी लागलेल्यांना उठवायला एक काठीवाला असायचा. काठीच्या एका टोकाला गोळा, पुरुषांच्या टाळक्यासाठी; दुसऱ्या टोकाला कोल्ह्याची शेपटी, बायकांच्या गालासाठी.

हे वाचून मी लायब्ररीतच हसले. हा तर आमचा चोपदार! गावच्या सप्त्यात कीर्तन चालू असताना पेंगणाऱ्यांना काठीने जागं करायचं काम माझ्या वडिलांकडेच होतं.

मग काय, वर्गाचंच प्रार्थनागृह केलं. हीटिंग बंद, मुलगे उजवीकडे, मुली डावीकडे. झाडूच्या दांड्याला एकीकडे टेनिसचा चेंडू, दुसरीकडे पाउंड शॉपमधला, एका पाउंडाचा पिसांचा डस्टर. काठी दिली एका चुणचुणीत मराठी मुलीकडे. तिचे आजोबा फार पूर्वी इथे आलेले. तिला बजावलं, "झोपेल त्याला उठवायचं. कोणीही असो."

मी प्रवचन सुरू केलं. डोक्यावरून विमान गेलं की थांबायचं, पुन्हा सुरू. मुलं खोटं खोटं घोरत होती, काठी फिरत होती. परीक्षक मागच्या बाकावर, कोटाची बटणं लावून बसलेले. जेवण नुकतंच झालेलं. त्यांची हनुवटी हळूहळू छातीवर आली.

ठक्!

चेंडू थेट टकलावर. माझा उद्धार काही होत नाही, हे मला तिथेच कळलं. पोरगी माझ्याकडे बघून मोडक्यातोडक्या मराठीत कुजबुजली, "मिस, माझा चूक झाला?"

परीक्षकांनी टक्कल चोळत तिला विचारलं, "मला का मारलंस?"

"सर, तुम्ही झोपला होता."

"मी पाहुणा आहे ना?"

"देवासमोर पाहुणा कोण, सर? झोप म्हणजे सैतानाचं काम."

"मग शेपटीने का नाही?"

"ती बायकांसाठी!" सगळा वर्ग एका सुरात ओरडला.

ते खो खो हसले. जाताना मला म्हणाले, "मी झोपलो, पण वर्ग जागा होता. पास."

संध्याकाळी कॉलिंग कार्ड घेऊन वडिलांना फोन लावला. त्यांनी सगळं दोनदा सांगायला लावलं.

"साहेब हसला म्हणतेस?"

"हो अण्णा. पास पण केलं."

"चांगला माणूस आहे. मी एकदा सरपंचाला टोचलं होतं, तर वर्षभर बोलला नाही माझ्याशी." मग फोन बाजूला धरून आईला ओरडून सांगितलं, "अगं, पोरगी मास्तरीण झाली! आणि काठी माझीच चालवली!"