रविवारचं हुमण

आमच्या डिचोलीच्या घरात सोमवारी शिवराक. मासळीचं भांडंसुद्धा चुलीवर चढत नाही. आणि बांगड्यांचं हुमण, म्हणजे नारळ वाटून केलेलं कालवण, सगळ्यात जास्त होतं ते नेमकं आदल्या दिवशी, रविवारी. कोणी आलं-गेलं तर, म्हणून दोन माणसांचं जास्तच. एरवी उरलेलं हुमण सकाळी आटवून पाववाल्या पोदेराच्या गरम उंड्यांबरोबर आम्ही भांडून खातो. रविवारचं मात्र फ्रिजमध्ये जातं, सोमवार तिथेच काढतं आणि मंगळवारी, ताजी मासळी आल्यावर, एकट्या आईच्या ताटात पडतं.

बाबा अन्न वाचवण्यावर पत्रकं काढतात आणि देवळातल्या जेवणावळींत वाटतात. मी ती वाचतच मोठी झाले. उरलेलं कोणी खायचं, ही ओळ त्यांत कधीच नव्हती.

गेल्या मे महिन्यात एका सोमवारी दिवसभर वीज नव्हती. मंगळवारी आईने ते हुमण उकळून खाल्लं आणि संध्याकाळी उलट्यांनी आडवी झाली. सलाईन लावताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात सगळ्यांनाच त्रास झाला?"

"नाही, हिलाच," बाबा म्हणाले. "हिचं पोटच नाजूक."

पुढच्या रविवारी आई पुन्हा अख्खा नारळ किसायला बसली.

"अर्धा पुरे गो आई."

"आणि कोणी आलं तर?"

"अंडी आहेत."

बाबा पेपरामागून म्हणाले, "उरलं तर फ्रिज आहे. टाकायचं थोडंच आहे?"

"नाही टाकणार. मंगळवारी तुम्हाला वाढीन," मी म्हणाले.

ते हसले. कोणी आलं नाही. हुमण उरलं.

मंगळवारी मी ते बाबांना वाढलं, आणि आईला ताजा तळलेला बांगडा.

"हे परवाचं," बाबा म्हणाले.

"हो. या वेळी वीज गेली नव्हती. चांगलं आहे."

आई आपलं ताट त्यांच्याकडे सरकवू लागली. मी ताटाची कड धरून ठेवली. "तू जेव."

बाबांनी दोन घास खाल्ले आणि वाटी बाजूला केली. "जड लागतं."

"मग टाकू?"

त्यांनी वाटी पुन्हा ओढून कसंबसं संपवलं. आई मान खाली घालून बांगड्याचे काटे काढत होती, पण जेवली.

त्यानंतरच्या रविवारी बाबाच स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "अर्धाच नारळ घे."

बायकोच्या हातातली सलाईन बघून जे कळलं नाही, ते स्वतःच्या जिभेला दोन घासांत कळलं. राग मला त्याचाच येतो, आणि तो अजून गेलेला नाही.