आचाऱ्याचा घास

तीन वाजून गेलेत आणि धैर्यशीलचे डोळे मिटायला लागलेत.

ट्राम गरम आहे, एवढंच कारण. सीटखालच्या हीटरची ऊब पोटऱ्यांना लागतेय, सकाळपासून लाकूड झालेली पायाची बोटं आता ठणकतायत. बाहेर क्राकूव. पोलंडमधलं जुनं, राजेरजवाड्यांचं शहर. उणे नऊ. खिडकीला आतून वाफ धरलीय, त्यामुळे सगळ्या चर्चचे मनोरे कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसल्यासारखे दिसतायत.

पलीकडच्या सीटवर केतकी आणि तौसिफ दिवसभराचे फोटो बघत बसलेत. ती नाशिकची, हा नांदेडचा, तिघंही एकाच युनिव्हर्सिटीत. दीड महिना धैर्यशील खोलीत कोंडून बसलाय म्हणून दोघांनी त्याला ओढत आणलं. पहाटेची बस, पाच तास. आणि यानं, खरं सांगायचं तर, दिवसाची पार माती केली. राजवाड्याची तिकिटं संपली, तर म्हणाला, सांगत होतो तुम्हाला. चौकात फोटो काढायला उभं केलं, तर म्हणाला, थंडीत दात दाखवून काय मिळतं. जेवायला चल म्हटलं, तर भूक नाही. शेवटी केतकीनं रस्त्यावरच्या गाडीवरून एक कडं घेतलं. तिकडं मिळतं ते, पीळ घातलेलं, गोल पावाचं, वर खसखस. ते तिनं त्याच्या जाकिटाच्या खिशात कोंबलं.

"खा, नाहीतर तसाच मर," ती म्हणाली आणि लगेच तिनं जीभ चावली.

कडं अजून खिशातच आहे.

आता एक गोष्ट आधी सांगायला पाहिजे, नाहीतर हा असा का वागतोय ते कळायचं नाही.

धैर्यशीलचे वडील, आप्पा, यात्रा कंपनीत आचारी. चाळीस वर्षं. सांगलीकडच्या माणसांना घेऊन बस काशी, रामेश्वर, आग्रा, कुठंकुठं जायची, आणि मागच्या टेम्पोत शेगड्या, पातेली आणि आप्पा. सहा वेळा आग्र्याला गेले, पण ताजमहाल बघितला नाही. लोक ताजमहालला जायचे तेव्हा आप्पा धर्मशाळेच्या मागं कांदा चिरायचे. लोक आले की पंगत. पंगत उठली की भांडी. मग आप्पांचं ताट. तोवर बस सुटायची वेळ. उजव्या हाताचा अंगठा कायम पिवळा. हळद मुरलेली. साबण, लिंबू, रॉकेल, कशानं जायची नाही.

डिसेंबरात ते गेले. तापाचं निमित्त, चार दिवस. धैर्यशीलचं इथं राहायचं कार्ड अजून हातात आलं नव्हतं. देश सोडला असता तर परत येता आलं नसतं. आई म्हणाली, येऊ नको. तो गेला नाही.

दहावा त्यानं फोनवर बघितला. कृष्णेच्या घाटावर पानावर पिंड ठेवलेला, वर चिंचेच्या झाडावर कावळे, आणि एकही खाली उतरेना. कावळा शिवल्याशिवाय घरच्यांनी तोंडात काही घालायचं नाही, सगळे तसेच उभे. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली की असं होतं म्हणतात. कुणी तंबाखूची चिमूट ठेवली. कुणी कपभर चहा. चुलत्यानं, तात्यानं, फोन पिंडासमोर धरला आणि म्हणाला, "बोल धैर्या. कबूल कर कायतरी." त्यानं कबूल केलं. बहिणीचं, शुभाचं लग्न करीन. आईला बघीन. परत येईन. दोन तास झाले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला आणि सगळे खाली मान घालून घरी गेले.

तेव्हापासून याच्या डोक्यात एकच. काय राहिलं होतं? आईलाही तेच. फोन केला की ती विचारते, "तुला कधी कायतरी बोलले होते का रे?" आणि याला काही आठवत नाही.

ट्रामच्या स्पीकरवरची बाई पोलिशमधे पुढचा स्टॉप सांगते. मग त्याच्या पुढचा. तिचा आवाज लांब लांब जातो, जवळ येतो, आणि मग ती म्हणते, "मागच्या गाडीतल्यांनी उतरून घ्या, चहा तयार आहे."

समोरच्या सीटवर आप्पा बसलेत.

बनियन, खाकी हाफपँट, खांद्यावर टॉवेल. मांडीवर परात, परातीत कांदा. ट्राम वळते तशी परात कलते, पण एक फोड सांडत नाही.

"जेवलास?" आप्पा विचारतात.

धैर्यशीलला राग येतो. जाऊन दीड महिना झाला, आता भेटलेत आणि हे विचारतायत.

"आप्पा, ते राहू दे. मला एक सांगा."

"ही दोघं कोण तुझ्यासंगं? ती जेवली का?"

"जेवली असतील. आप्पा, घाटावर..."

"असतील म्हंजे? विचारायचं न्हाईस व्हय?"

परात राहिली सीटवर आणि ते दोघं चौकात उभे आहेत. तोच सकाळचा चौक, पण माणूस नाही. फक्त गाडीवाली बाई आणि तिची कडी. बर्फावर आप्पांची चप्पल वाजत नाही. धैर्यशीलला वाटतं, निदान हे तरी होऊ दे. एकदा तरी या माणसानं मान वर करून काहीतरी बघू दे.

"आप्पा, वर बघा. ते चर्च. सातशे वर्षं जुनं."

आप्पा खाली बघतायत. "हितं नळ कुठाय?"

"नळ कशाला?"

"चौकात एवढी जागा सोडलीया. दोनशे पान आरामात बसंल. पण पाणी लांबनं आणायला लागलं तर डाळ शिजायची कधी?"

वर मनोऱ्यात तुतारी वाजायला लागते. तासातासाला वाजते ती. आप्पा कान देतात, आणि धैर्यशीलला बरं वाटतं. तेवढ्यात सूर मधेच, कापल्यासारखा, थांबतो.

"अर्धंच का वाजीवलं?"

"ती रीतच आहे. म्हणतात की जुन्या काळी शत्रू आला म्हणून एकजण तुतारी वाजवत होता, त्याच्या गळ्यात बाण लागला. म्हणून अजून तिथंच थांबतात."

"आनी फुडचं?"

"पुढचं नाही वाजवत."

"मंग माणसास्नी कळायचं कसं, जेवायला यायचं का न्हाई?"

"ती जेवायची तुतारी नाहीये आप्पा." याचा आवाज चढतो. "सगळं जग काय पंगत आहे का?"

आप्पा त्याच्याकडं बघतात. भाजीत मीठ कमी पडलं की बघायचे तसं.

"थंडी वाजतीया तुला," ते म्हणतात.

आता नदी आहे. वर टेकडीवर राजवाडा, तिकिटं संपलेला, आणि खाली ड्रॅगनचा पुतळा. धातूचा, तीन माणसं उंच, थोड्या थोड्या वेळानं तोंडातून आग टाकतो. सकाळी इथंच तौसिफनं बावीस फोटो काढले. ड्रॅगन भडकतो आणि आप्पा पहिल्यांदा मान वर करून बघतात. चांगलं निरखून, कमरेवर हात ठेवून बघतात.

धैर्यशील श्वास धरतो.

"ग्यास वाया चाललाय," आप्पा म्हणतात.

"आप्पा..."

"आरं, केवढा जाळ. खाली कुणी पातेलं ठेवंना."

मग ड्रॅगनखाली पातेलं आहेच. आमटीचं, मोठं, दोन कड्यांचं. वाफ राजवाड्यापर्यंत चढतेय आणि बर्फाला फोडणीचा वास येतोय. आप्पा पळीनं ढवळतायत. एवढ्या लांब आणून या माणसाला जाळाशीच उभं केलं आपण. याला आता रडू येतंय की शिवी, त्याचं त्यालाच कळत नाही.

"सहा वेळा आग्र्याला जाऊन आलात. एकदा तरी पाठीमागं वळून बघायचं होतंत."

"बघितला की."

"काय?"

"ताजमहाल. लोकं येऊन सांगायची जेवताना. रोज नवा सांगायची. एक म्हातारी म्हणली, दुधाच्या सायीवानी हाय. तेवढं बास झालं मला." ते पळी झटकतात. "त्याचं कायबी राह्यलं न्हवतं."

"मग काय राहिलं होतं?" धैर्यशील आता ओरडतोच. "तेच विचारतोय मी मघापासून. कावळा का शिवला नाही? मी शुभाचं लग्न कबूल केलं..."

"तेनं ती चिडलीया तुझ्यावर. चारचौघांत तिचं लगीन काढलंस. ती काय म्हणली हुती का तुला?"

"आईला बघीन म्हणालो."

"तुझी आई तुला बघंल."

"परत येईन म्हणालो."

"मी माघारी बलिवलं हुतं का? आचाऱ्याचं पोरगं एवढ्या लांब गेलं म्हणून मी टेम्पोत सगळ्यास्नी सांगत हुतो."

"मग तंबाखू? चहा? काय हवं होतं तुम्हाला?"

आप्पा पळीनं दाखवतात.

नदीच्या पायऱ्या ओळखीच्या आहेत. त्यावर बर्फ नाही, शेवाळ आहे. कृष्णाच ती. वर चिंच. पानावर पिंड, भोवती सगळे उभे. आई, तिनं पदर तोंडाला लावलाय. शुभा. चुलता, त्याच्या हातात फोन, आणि फोनमधे इवलासा, दाढी वाढलेला, डोळे सुजलेला धैर्यशील. तो आणि आप्पा एका बाजूला उभे राहून हे बघतायत. आणि आप्पांचा जीव वर खाली होतोय. टॉवेल खांद्यावरून काढतात, पुन्हा टाकतात. पंगत बसलीय आणि वाढपी आले नाहीत की व्हायचे तसे.

"बघ," ते म्हणतात. "नीट बघ, तू तर शिकल्याला हायेस. तुझी आई सकाळपासनं नुस्त्या पाण्यावर. शुभाला चक्कर याया लागलीया. गुरुजीबी उपाशी. आनी फोनमदलं ते बघ ध्यान. दोन दिस पोटात कायबी न्हाई त्येच्या. सगळी पंगत उपाशी हुबी, आनी मला म्हणत्यात, तू खा."

आप्पा टॉवेल झटकतात.

"आचाऱ्यानं आधी तोंड घालायचं? चाळीस वर्सात केलं न्हाई, ते त्याच दिशी करीन?"

"पण आप्पा, तुम्ही शिवल्याशिवाय आम्हाला खाता येत नाही. रीत आहे ती."

"ती तुमची रीत."

"म्हणजे आम्ही तुमच्यासाठी थांबलो, आणि तुम्ही आमच्यासाठी?"

"मंग? दोन तास हुबा हुतो. वराडलो बी, जेवून घ्या म्हणून. तर तुम्ही चहा काय ठिवताय, तंबाखू काय ठिवताय. मी कवा खाल्ली तंबाखू?"

"तात्या म्हणाले, तुम्ही खात होतात."

"तात्या सोता खातोय."

याला हसू येतं आणि ते अर्ध्यातच थांबतं, मघाच्या तुतारीसारखं. दीड महिना. एवढी मोठी मोठी वचनं दिली, रात्र रात्र डोकं पिकवलं, आईनं स्वतःला खाल्लं, आणि हे. रागानं त्याच्या हाताच्या मुठी झाल्यात. कुणावर उगारायच्या, ते कळत नाहीये.

"कालपरवा जेवलास?"

"नाही."

"आज?"

त्याचा हात खिशाकडं जातो.

"खिशात काय हाय?"

तो कडं काढतो. थंडीनं कडक झालंय. आप्पा हात पुढं करत नाहीत. नुसते उभे आहेत, पाहुण्याच्या पानाकडं लक्ष ठेवून.

तो चावतो. दात सळसळतात. गार, वातड, खारट. तो चावत राहतो. घशात अडकतं.

"गिळ," आप्पा म्हणतात. "मी हाय हितं."

तो गिळतो.

तेव्हा आप्पा हात पुढं करतात. भाकरी मोडायचे तसं, अंगठ्यानं दाबून, एका हातानं कडं मोडतात. अर्धं याच्या हातात राहतं. अर्धं तोंडात टाकतात, सावकाश चावतात, डोळे मिटून. धैर्यशीलनं जन्मात त्यांना असं निवांत, कुणी बोलवत नसताना खाताना बघितलेलं नाही. तो बघत राहतो. वर झाडावर कावळे गप्प बसलेत.

"मीठ बरं हाय," आप्पा म्हणतात. "खसखस जुनी हाय पण."

"आप्पा, आईला काय सांगू?"

आप्पा टॉवेलनं तोंड पुसतात. काहीतरी बोलायला लागतात आणि कुठंतरी घंटा वाजते, ट्रामची.

"धैर्या. ए. उठ." केतकी खांदा हलवतेय. "शेवटचा स्टॉप आलाय. ड्रायव्हर बघतोय आपल्याकडे."

बाहेर अजून उजेड आहे, राखेसारखा. तोंडात खसखस. मांडीवर कागदाची पिशवी, फाटलेली, आणि हातात अर्धं कडं.

"तू झोपेत खात होतास भाई," तौसिफ म्हणतो. "मी व्हिडिओ काढणार होतो, हिनं काढू दिला नाही."

"बाकीचं कुणी घेतलं?"

"कुणी घेणार? उणे नऊमधे तुझा दगड कोण खाईल?"

केतकी सीटखाली वाकून बघते. तिथंही नाही.

धैर्यशील कडं फिरवून बघतो. एका टोकाला त्याच्या दातांची खूण आहे. दुसरं टोक चावलेलं नाही, मोडलेलं आहे, आणि मोडलं तिथं वरच्या सालीवर एक पिवळा ठसा. अंगठ्याएवढा. तो त्यावर स्वतःचा अंगठा ठेवतो. ठसा थोडा मोठा आहे.

"तुम्ही दोघं जेवलात का?" तो विचारतो.

दोघं एकमेकांकडं बघतात.

"तूच जेवत नव्हतास, तर आम्ही काय तुझ्यासमोर बसून हादडणार होतो?" केतकी म्हणते. "सकाळपासून चहावर आहोत."

स्टॉपसमोरच सूपचं दुकान आहे. तो पुढं होऊन दार उघडतो, दोघांना आत घालतो, तीन वाट्या सांगतो. मग मागच्या बेसिनवर हात धुतो. गरम पाणी आहे. साबण आहे. दोनदा धुतो, तिसऱ्यांदा नखानं घासून धुतो.

अंगठ्याचा पिवळा रंग जात नाही.