कबुतरवाल्याची साक्ष

आमच्या किर्कुकच्या आकाशाला पुरता काळोख ठाऊक नाही. गावाबाहेर तेलाच्या विहिरींवर वायू जळत असतो आणि त्याचा तांबूस उजेड छतांवर सांडलेला असतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या जगातच रात्र अशी डाळिंबाच्या सालीच्या रंगाची असते. उन्हाळ्यात आम्ही छतावर झोपायचो. ढाबळीतली कबुतरं घुमत असायची, आणि जागेपण कुठे संपलं नि झोप कुठे लागली ते कळायचं नाही. माझा थोरला भाऊ हिदायत त्या मधल्या जागेतच राहायला गेला आणि परत आलाच नाही, असं आमची आई म्हणायची.

आई स्वतः काही कमी नव्हती. गावाजवळ बाबा गुरगुर नावाची जागा आहे, तिथे जमिनीतून आपोआप ज्वाळा निघतात, पिढ्यान् पिढ्या निघत आल्या आहेत. पोटुशा बायका तिथे जाऊन मुलगा मागतात. माझ्या वेळी आईनेही मागितला, आणि मी झाले. आगीला कमी ऐकू येतं, एवढंच ती म्हणाली. माझं नाव मलाहत ठेवलं आणि विषय संपला. पुढे त्याच आगीखालच्या तेलासाठी लोक एकमेकांच्या जिवावर उठले. तेल मात्र कुणाचंच ऐकायला तयार नव्हतं.

हिदायत तेलाच्या नळांचा वेल्डर. दिवसभर काळा चष्मा लावून ठिणग्यांत बसायचा. घरी आला की हातपाय धुवायच्या आधी छतावर. पांढरी, करडी, निळसर मानेची गिरेबाज कबुतरं तो वर सोडायचा आणि काठीला बांधलेलं फडकं हलवत उभा राहायचा. थवा उंच जायचा, वळताना एकदम चमकायचा, मग दिसेनासा व्हायचा. हिदायतचं तोंड उघडं राहायचं. मी खालून चार हाका मारल्या तरी त्याला ऐकू यायच्या नाहीत. चहा गार करून पिणारा सबंध गल्लीत तो एकटा.

या नादापायी त्याचं लग्न झालं नाही. आमच्याकडे कबुतरवाल्याची साक्ष धरत नाहीत. छतांचा कायदाच तसा आहे. दुसऱ्याचं कबुतर तुमच्या छतावर उतरलं की ते तुमचं, ज्याच्या हाती ससा तो पारधी. मग खरा मालक दाराशी आला तर कबुतरवाला तोंड वर करून सांगतो, हे अंड्यातून निघालं तेव्हापासून माझंच आहे. त्याच्या शपथेला काय किंमत राहणार? मुलींचे बाप हिदायतला चहा पाजायचे, त्याच्या पगाराची चौकशी करायचे, आणि छतावरच्या ढाबळीचं कळलं की मुलगी अजून लहान आहे म्हणायचे. मी लवकर विधवा झाले आणि त्याच्याच घरी परत आले. त्यामुळे निदान त्याला वेळेवर जेवण तरी मिळालं.

त्याचा सलोखा एकाच माणसाशी होता. शेजारच्या घरातला खुर्शीद. आम्ही तुर्कमेन, तो कुर्द. भाषा वेगळ्या, पण दोघांच्या छतांमध्ये कंबरेएवढी भिंत, आणि दोघंही तितकेच येडे. भाकरी आणि मीठ हातात धरून त्यांनी शब्द दिला होता, की एकाचं कबुतर दुसऱ्याकडे उतरलं तर त्याच संध्याकाळी भिंतीवरून परत करायचं. गल्लीतले बाकीचे कबुतरवाले त्यांना हसायचे. चोरी करायची नाही तर कबुतरं पाळायची कशाला, असं त्यांचं म्हणणं.

मग जुन्या राजवटीचं ते वर्ष आलं. तेलाच्या गावात कुर्द माणसं नकोत, असं वर कुणीतरी ठरवलं होतं. कागदावर स्वतःला अरब लिहून घ्या, नाहीतर निघा. आम्हालाही विचारलं होतं. आमच्या वडिलांनी लिहून दिलं आणि आठवडाभर घरात कुणाशी बोलले नाहीत. खुर्शीदने लिहून दिलं नाही. सकाळी ट्रक आला. त्यात मावेल तेवढं सामान, बायको, तीन पोरं. घराचे कागद शिपायांनी काढून घेतले. कबुतरं ट्रकात घेऊ दिली नाहीत. संध्याकाळी ती मोकळ्या घराच्या छतावर रांगेने येऊन बसली. हिदायत भिंतीवरून पलीकडे गेला आणि एकेक करून त्यांना आपल्या ढाबळीत घेऊन आला.

काही महिन्यांनी त्या घरात अबू गानिम आला. दक्षिणेकडचा अरब, नासिरियाचा, पाणथळीतला माणूस. सरकारने घर दिलं, नोकरी दिली, आणि गल्लीने पाठ दिली. मी तर त्याच्या बायकोकडे बघायचंही नाही असं ठरवलं होतं. पण पहिल्याच आठवड्यात तो आमच्या दाराशी उभा, कोटाच्या आत हात घातलेला. खुर्शीदचं एक म्हातारं कबुतर सवयीने त्याच्या छतावर उतरलं होतं. छताच्या कायद्याने ते त्याचं झालं होतं. त्याने ते हिदायतच्या हातात ठेवलं आणि म्हणाला, "हे घराच्या मालकाचं असावं. तो मी नव्हे." एवढं बोलून गेला. असल्या माणसाचा राग तरी किती दिवस धरायचा? त्याची बायको उम्म गानिम वाळवलेल्या लिंबाचा चहा करायची. पुढे मला तिच्या चहाशिवाय दुपार जाईना. तिची दोन पोरं माझ्या मांडीवर मोठी झाली. थोरला गानिम तर हिदायतच्या तोंडची तुर्कमेनी शिवी शाळेत देऊन मार खाऊन यायचा.

बरीच वर्षं अशी झोपेत चालल्यासारखी गेली. मग लढाई झाली, राजवट पडली, आणि सगळे एकदम जागे झाले. गावात तीन झेंडे लागले, कुर्दांचा, अरबांचा आणि आमचा. गाव कुणाचं हे मतांनी ठरणार होतं, आणि गाव ज्याचं, तेल त्याचं. रात्री कुणीतरी नळ फोडायचं, सकाळी हिदायत जोडायला जायचा. आम्ही मात्र पायाखाली तेलाचा दर्या घेऊन रॉकेलच्या रांगेत डबे धरून उभ्या. रांगेतही बायका आता आपापल्या भाषेच्या घोळक्याने उभ्या राहायच्या.

त्याच हिवाळ्यात खुर्शीद परत आला. केस पांढरे, पाय ओढत. हाकललेली कुर्द कुटुंबं फुटबॉलच्या मैदानात राहुट्या ठोकून राहत होती, त्यांत तोही. मी दार उघडलं तेव्हा त्याने मला ओळखलं नाही. वर छताकडे बघत राहिला. संध्याकाळ होती आणि थवा वळत होता. दोघं भेटले ते छतावरच. मी वर गेले तेव्हा मान वर करून उभे होते.

त्याचं काम साधं होतं. घर परत मागायला अर्ज केला होता, पण कागद नव्हते. गल्लीतल्या जुन्या शेजाऱ्याने मुख्तारसमोर सांगायचं की हे घर याचं होतं. मुख्तार म्हणजे आमच्या मोहल्ल्याचा पाटीलच म्हणा ना, हाजी तौफिक. जुने शेजारी मेले होते किंवा बगदादला गेले होते. पुरुषांत उरला होता एकटा हिदायत.

आणि हिदायतची झाली इकडे आड तिकडे विहीर. खरं बोलावं तर अबू गानिम पोराबाळांसह रस्त्यावर. गप्प बसावं तर खुर्शीद त्या चिखलाच्या मैदानात. आमचे तुर्कमेन लोक रोज येऊन बसू लागले. एक कुर्द घर परत आलं म्हणजे सुनांसकट सात मतं आली, मतं गेली की तेल गेलं, मग आपल्या पोरांनी काय धूर खायचा? उम्म गानिम माझ्याकडे येऊन काही न मागता रडून गेली. मी हिदायतला स्पष्ट सांगितलं की तू गप्प बस. मला खुर्शीदचं वाईट वाटत होतं, पण उम्म गानिम मला बहिणीसारखी होती. न्यायबियाय मला सुचत नव्हता. मला माझी शेजारीण हवी होती.

तो ऐकून छतावर गेला. शुक्रवारी नमाजानंतर चहाच्या दुकानात मुख्तारकडे गेला आणि म्हणाला की मी साक्ष देतो. मला हे दुकानातल्या पोरांकडून कळलं. हाजी तौफिकवर आमच्या लोकांचं दडपण होतंच. त्याने पेला खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हिदायत, बाळा, तू भला माणूस आहेस. पण कबुतरवाल्याची साक्ष मी कशी धरू? उद्या लोक माझी दाढी धरतील." दुकान हसलं. तेवढ्याने सगळं मिटलं असतं. हिदायतची सुटका झाली होती, कुणी त्याला दोष दिला नसता. मीसुद्धा मनातून हाजीला दुवा दिला.

घरी येऊन तो ढाबळीसमोर बसून राहिला. मी हाका मारल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कामावर गेला नाही. दुपारी त्याने वेताच्या टोपल्यांत एकेक कबुतर घातलं, घालताना प्रत्येकाच्या मानेवरून अंगठा फिरवला, आणि टोपल्या घेऊन शेजारी गेला. मी मागोमाग गेले.

अबू गानिम अंगणात बसला होता. हिदायत उभ्यानेच बोलला.

"उद्या मी मुख्तारसमोर तुझ्या विरुद्ध बोलणार आहे. घर खुर्शीदचं होतं."

"ठाऊक आहे," अबू गानिम म्हणाला. "आलो त्या दिवसापासून ठाऊक आहे. स्वयंपाकघरातले खिळे बघ, किती खाली आहेत. त्या घरची बाई बुटकी असणार. माझी बायको इतकी वर्षं वाकून भांडी काढते. मी खिळे वर ठोकले नाहीत. परक्याच्या भिंतीत कसे ठोकायचे?"

हिदायतने टोपल्या त्याच्यापुढे सरकवल्या. "ही घेऊन जा. माझ्याकडे कबुतरं नसली तर हाजीला बोलायला तोंड राहणार नाही. विकली तर म्हणतील, उद्या परत घेईल. तुझ्याबरोबर नासिरियाला गेली म्हणजे गेली."

"माझ्या विरुद्ध साक्ष द्यायला कबुतरं मलाच देतोस?"

"दुसऱ्या कुणाला देववत नाहीत."

 अबू गानिमने एका टोपलीचं झाकण किलकिलं करून आत बघितलं. जुनी कबुतरं तिकडे रमायची नाहीत, त्यांना कोंडून ठेव, हिदायत हलक्या आवाजात सांगत होता, पिल्लं होऊ देत, पिल्लांना तिथलं आकाश आपलं वाटेल. अबू गानिमने मान हलवली. "माझी पिल्लं इथली आहेत, हिदायत," तो म्हणाला. "त्यांना कुठे कोंडू?" आत उम्म गानिमने भांडी पोत्यात भरायला घेतली होती. मी जाऊन तिला हातभार लावला. आम्ही दोघी ते खिळे बघत होतो आणि दोघींना एकदम हसू आलं, मग रडू.

हाजी तौफिकला खरंच तोंड राहिलं नाही. हिदायतने छत दाखवलं, रिकामी ढाबळ दाखवली, आणि कुराणावर हात ठेवून दोन वाक्यं बोलला. घर खुर्शीदचं होतं. अबू गानिमने ते चोरलं नाही, त्याला दिलं गेलं, आणि त्याने ते नीट राखलं. दुसरं वाक्य कुणी विचारलं नव्हतं, पण तेही लिहून घ्यायला लावलं. आमच्या लोकांनी महिनाभर आमच्या सलामाला उत्तर दिलं नाही.

अबू गानिमचं बिऱ्हाड नासिरियाला गेलं आणि वसंतात खुर्शीद घरात आला. पहिल्या संध्याकाळी तो छतावर चढला, दोन बोटं तोंडात घालून जुनी शीळ घातली, आणि वाट बघत उभा राहिला. आकाशात विहिरींच्या धुराशिवाय काही नव्हतं. मी आमच्या छतावर दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. मीच त्याला सगळं सांगितलं, काहीशी रागानेच. तो भिंतीवर बसला. तंबूत राहून राहून घराचा चेहरा मी विसरलो होतो ग, म्हणाला, थवा तेवढा विसरलो नव्हतो.

पुढच्या शुक्रवारी तो बाजारातून खोका घेऊन आला. आत पांढऱ्या गिरेबाजांची जोडी. खोका त्याने भिंतीवरून हिदायतपुढे धरला. हिदायतचे हात आपोआप पुढे गेले आणि तसेच थांबले.

"नको."

"का रे? माझं काम झालं ना."

"तुझं झालं. त्या टोकाच्या घराचा हमीद अजून मैदानातच आहे. लोहाराच्या घराचंही तसंच आहे. आणि तो मोसुलचा अरब, ज्याने रोख पैसे मोजून घर घेतलं, त्यालाही आता हाकलताहेत. तो काल आला होता. म्हणाला, तू सांगितलंस तर ऐकतील." हिदायत खोक्याच्या भोकांतून आत बघत होता. "सगळे माझ्याकडेच येतात. मी काय करू?"

"मग कबुतरं कधी?"

हिदायतने गल्लीकडे बघितलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दारं आणि दारं.  खुर्शीदने खोका आपल्या बाजूला ठेवला, त्यातलं एक कबुतर काढलं आणि भिंतीवरून त्याच्या छातीशी धरलं.

"हे माझंच आहे," तो म्हणाला. "तू फक्त धर. धरल्याने साक्ष जात नाही."

हिदायतने मुख्तार बघतोय की काय अशी मागे नजर टाकली. मग दोन्ही हातांनी ते धरलं आणि त्याच्या पाठीवर गाल टेकून डोळे मिटले. मी खाली येऊन चहा ठेवला. गार झाला तरी त्याला हाक मारली नाही.